टेपमधली शिट्टी कोण वाजवते?

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला, की राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. बहुतेक ट्रॅक्टर दिसण्याआधी ऐकू येतात, कारण त्यांच्यावर मोठाले स्पीकर बसवलेले असतात. गाणी आता कॅसेटवर नसतात, ती मोबाइलमधून किंवा पेनड्राइव्हमधून येतात. तरी त्या यंत्राचे नाव मात्र ‘टेप’ हेच राहिले आहे. या टेपजवळ जरा लक्ष देऊन उभे राहा. गाण्याच्या मागे एक बारीक शिट्टी ऐकू येते. चालकाने रेस वाढवली की ती वर चढते, रेस सोडली की खाली उतरते. गाणे बदलले तरी शिट्टी तीच. नवा स्पीकर आणला तरी तीच.

ही शिट्टी वाजवतो कोण? शाळेत येणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या घरी ट्रॅक्टर, जीप किंवा व्हॅन असते. त्यांना हा प्रश्न पडलेला असतो आणि त्याचे बाजारातले उत्तरही त्यांना माहीत असते: ‘एक फिल्टर लावून टाका.’ कधी त्याने काम भागते, पुष्कळदा भागत नाही. ताप कशाचा आहे हे न पाहता गोळी देण्यासारखाच हा प्रकार आहे. शिट्टीचे कारण शोधायला मोठी उपकरणे लागत नाहीत. आठवी-नववीच्या पुस्तकातले विजेचे धडे, एक साधा मल्टीमीटर आणि चिकाटी एवढ्यावर हे काम होते. शिवाय शोध घेण्याची पद्धत म्हणजे काय, हे मुलांना दाखवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

उगम, वाट आणि ग्राहक

नको असलेल्या कोणत्याही संकेताला शास्त्रज्ञ गोंगाट म्हणतात. गोंगाट हा कानाला कर्कश लागलाच पाहिजे असे नाही. आपल्याला हवा असलेला संकेत झाकोळून टाकणारे जे काही असेल, ते सगळे गोंगाटच.

गोंगाट आपल्यापर्यंत पोचायला तीन गोष्टी लागतात. पहिली, तो निर्माण करणारा उगम. दुसरी, त्याला येण्यासाठी वाट. ही वाट तारेतून असेल, नाही तर हवेतून. तिसरी, त्याने बाधित होणारा ग्राहक, म्हणजे आपला टेप किंवा रेडिओ. या तिघांपैकी एक जरी काढून घेतला तरी गोंगाट थांबतो. साथीच्या रोगाचे असेच असते. रोगजंतू, त्यांचे वाहक आणि रोगी ही साखळी कोठेही तोडली की साथ आटोक्यात येते. गाडीत उगम काढून टाकणे सहसा शक्य नसते. अल्टरनेटर काढला तर बॅटरी कोण भरणार? म्हणून आपले बहुतेक काम ‘वाट’ शोधण्याचे असते.

आवाजावरून ओळख

कुशल वैद्य खोकल्याच्या आवाजावरूनही पुष्कळ काही सांगतो. गाडीतल्या गोंगाटाचेही तसेच आहे. प्रत्येक उगमाचा स्वर वेगळा असतो.

चढत-उतरत जाणारी शिट्टी असेल, तर उगम अल्टरनेटर. आपले मेकॅनिक त्याला अजूनही डायनामोच म्हणतात. अल्टरनेटर प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज निर्माण करतो. बॅटरीला दिष्ट, एकाच दिशेची वीज लागते, म्हणून त्याच्या पोटात सहा मुख्य डायोड बसवलेले असतात. अल्टरनेटरच्या तीन वेटोळ्यांतून तीन लाटा एकामागोमाग येतात. प्रत्येक लाटेचा वरचा आणि खालचा असे दोन्ही उंचवटे डायोड वापरून घेतात. त्यामुळे विजेच्या एका आवर्तनात सहा उंचवटे मिळतात. म्हणजे बाहेर येणारा प्रवाह एका दिशेचा असला तरी सपाट नसतो. नांगरलेल्या शेतासारखा त्याला वरवर सऱ्या-वरंबे असतात. बॅटरी त्यांना बरेचसे सपाट करते, पण पूर्ण नाही.

आता थोडा हिशेब करू. समजा, ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत आहे. इंजिनाची पुली मोठी आणि अल्टरनेटरची लहान असते. अल्टरनेटर दुप्पट वेगाने फिरतो असे धरू. म्हणजे मिनिटाला ३००० फेरे, सेकंदाला ५०. नेहमीच्या अल्टरनेटरमध्ये चुंबकध्रुवांच्या ६ जोड्या असतात, म्हणून सेकंदाला ५० × ६ = ३०० आवर्तने. प्रत्येक आवर्तनात ६ उंचवटे, म्हणून ३०० × ६ = १८०० उंचवटे. १८०० हर्ट्झची शिट्टी! इंजिन ७५० फेऱ्यांवर आणले तर ती ९०० हर्ट्झवर उतरते, २००० वर नेले तर २४०० वर चढते. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झ या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. नेमक्या त्याच दिशेने ही शिट्टी चढते, म्हणून ती थोडी असली तरी फार टोचते.

इंजिनाच्या वेगाबरोबर जलद किंवा मंद होणारी टकटक असेल, तर उगम स्पार्क प्लग. चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात एका फेऱ्यात दोन ठिणग्या पडतात. मिनिटाला ९०० फेरे असताना सेकंदाला ३० ठिणग्या होतात, ३००० फेऱ्यांवर १००. प्रत्येक ठिणगीसाठी १० ते २५ हजार व्होल्टचा दाब लागतो आणि प्रवाह क्षणार्धात उसळून खाली येतो. असा झटका रेडिओलहरी निर्माण करतो. हाइन्रिश हर्ट्झ यांनी १८८७ मध्ये विद्युतचुंबकीय लहरी पहिल्यांदा निर्माण केल्या त्या ठिणगीनेच. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात बिनतारी संदेशाचे प्रात्यक्षिक दाखवले, तेही ठिणगीच्याच जोरावर. थोडक्यात, पेट्रोलवर चालणारी प्रत्येक गाडी हे एक फिरते, बेशिस्त प्रक्षेपणकेंद्र आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. म्हणून ट्रॅक्टरच्या टेपमध्ये टकटक ऐकू आली, तर प्लगवर आळ घेण्यात अर्थ नाही. एवढ्या एका वाक्यात निम्मे संशयित सुटतात.

इंजिन बंद असतानाही येणारी, ठरावीक लयीची ‘टर्र-टर्र’ बहुधा मोबाइलची असते. टू-जी पद्धतीचा फोन सतत बोलत नाही. तो ४.६१५ मिलिसेकंदांतून एकदा, आपल्या वाट्याच्या आठव्या हिश्शात घाईने माहिती फेकतो. म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा. ही २१७ हर्ट्झची थरथर जवळच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या तारांत शिरते. फोन हातभर दूर ठेवला की आवाज जातो.

दिवे लावताना, वायपर किंवा पंखा सुरू करताना येणारी खरखर त्या त्या मोटरची किंवा बटणाची असते. अलीकडे स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांची भर पडली आहे. यांच्या आतला प्रवाह सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद होत असतो. एलईडी दिवा लावताच एफएमवरचे दूरचे स्टेशन नाहीसे झाले, तर चोर दिव्यातच आहे.

शून्य कुठले?

उगम ओळखला. आता वाट. अल्टरनेटरची शिट्टी टेपमध्ये शिरण्याची सर्वांत नेहमीची वाट म्हणजे अर्थिंग. हे समजले की निम्मे काम झाले, म्हणून थोडे सविस्तर पाहू.

प्रवरेच्या कालव्यावरील दोन शेतकऱ्यांची कल्पना करा. दोघांनी आपापल्या शेताची उंची ‘कालव्याच्या पाण्यापासून’ मोजली. एकाचे शेत कालव्याच्या मुखाशी, दुसऱ्याचे शेवटाशी. दोघांनाही वाटते, पाणी हा आपला शून्य. पण पाणी वाहते याचा अर्थच असा, की मुखाशी त्याची पातळी वर आणि शेवटाशी खाली आहे. शिवाय कोणी मध्येच दार उघडले किंवा बंद केले, तर दोन्ही ठिकाणच्या पातळ्या वेगवेगळ्या हलतात. अशा शून्यावरून घेतलेल्या मापांची वजाबाकी केली, तर उत्तरात कालव्याचा हेलकावाही येणारच.

गाडीत कालव्याचे काम चासी आणि बॉडी करतात. बॅटरीचे ऋण टोक चासीला जोडलेले असते आणि दिवे, हॉर्न, पंखा, टेप या सगळ्यांचा परतीचा प्रवाह चासीतूनच जातो. आपण चासीला ‘अर्थ’ म्हणतो आणि ती सगळीकडे शून्य व्होल्टवर आहे असे धरून चालतो. ते खरे नसते. ओहमचा नियम चासीलाही लागू आहे. समजा, अ‍ॅम्प्लिफायरची अर्थ वायर रंगावरच स्क्रूने आवळली आहे आणि गंजामुळे तेथील रोध ०.०२ ओहम झाला आहे. हा आकडा अगदी क्षुल्लक वाटतो. पण त्या सांध्यातून जाणाऱ्या प्रवाहात अल्टरनेटरचा अर्धा अँपियर हेलकावा असला, तर सांध्याच्या दोन बाजूंत ०.५ × ०.०२ = ०.०१ व्होल्ट, म्हणजे १० मिलिव्होल्टचा हेलकावा तयार होतो.

टेप पुढे बसवलेला, त्याचा शून्य पुढचा. अ‍ॅम्प्लिफायर मागे डिकीत किंवा सीटखाली, त्याचा शून्य मागचा. दोघांना जोडणाऱ्या संकेताच्या तारेवर जाळीचे आवरण असते आणि ते दोन्ही टोकांना अर्थ केलेले असते. त्यामुळे चासी आणि ही जाळी मिळून एक बंद वेटोळे होते. दोन शून्यांमधला १० मिलिव्होल्टचा फरक संकेतात मिसळतो. गाण्याच्या हळुवार जागी संकेत ५० मिलिव्होल्टचा असेल, तर त्याच्या एक पंचमांश गोंगाट झाला! अ‍ॅम्प्लिफायर बिचारा प्रामाणिक असतो. आलेले सगळे तो सारख्याच पटीने मोठे करतो. नवा स्पीकर किंवा महाग अ‍ॅम्प्लिफायर आणून शिट्टी का जात नाही, ते आता लक्षात येईल.

मोबाइलचे नेहमीचे गाऱ्हाणेही याच जातीचे आहे. फोन वायरने टेपच्या ऑक्स खोबणीला जोडला आहे, तोवर सर्व ठीक. तोच फोन गाडीतल्या चार्जरला लावला की शिट्टी सुरू. चार्जर काढला की बंद. चार्जरने फोनला दुसरा ‘शून्य’ दिला आणि वेटोळे पुरे झाले, एवढेच कारण.

एका वेळी एकच बदल

आता प्रत्यक्ष शोध. नियम एकच: एका वेळी एकच बदल करायचा, कान द्यायचा, निरीक्षण वहीत लिहायचे आणि मगच पुढे जायचे. चार तारा एकदम ओढून पाहिल्या आणि शिट्टी गेली, तर ती कशामुळे गेली ते कळत नाही. उद्या ती परत येते.

१. इंजिन बंद ठेवून टेप लावा. गोंगाट आहे का? असल्यास अल्टरनेटर आणि प्लग दोन्ही निर्दोष. मोबाइल, चार्जर, दिवे किंवा खुद्द टेप यांच्याकडे वळा.

२. इंजिन सुरू करून रेस कमी-जास्त करा. स्वर चढतो-उतरतो का? मग हेडलाइट लावा. अल्टरनेटरवर भार वाढला, की त्याची शिट्टी मोठी होते.

३. टेपचा आवाज अगदी शून्यावर आणा. हा छोटासा प्रयोग फार मोलाचा आहे. शिट्टी तेवढीच राहिली, तर ती आवाजाच्या बटणानंतर शिरते आहे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, त्याची अर्थ वायर किंवा संकेताची तार. शिट्टीही गाण्याबरोबर नाहीशी झाली, तर ती बटणाच्या आधी शिरते आहे, म्हणजे एरियल, फोन किंवा चार्जर.

४. फक्त रेडिओवर त्रास असेल, तर एरियलची पिन काढा. टकटक थांबली तर ती हवेतून येत होती. उच्चदाबाच्या तारांखालून जाताना मिडियम वेव्हवर येणारी खरखर अशीच बाहेरची असते. गाडी पुढे नेली की ती जाते. तिच्यासाठी गाडी उघडायची गरज नाही.

५. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर तो बंद करून संकेताच्या तारा काढा आणि पुन्हा चालू करा. शांतता झाली तर गोंगाट तारेतून किंवा टेपकडून येत होता. शिट्टी कायम राहिली, तर ती अ‍ॅम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यातून येते आहे.

६. आता मल्टीमीटर. इंजिन चालू, गाणे मोठ्याने. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरे अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थ स्क्रूवर ठेवा. दिष्ट दाबाच्या मापावर आकडा ०.१ व्होल्टपेक्षा बराच कमी हवा. जास्त आला, तर गुन्हेगार हाती लागला.

येथे एक ताकीद. डायनामो भरतो की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. जुन्या डायनामोवर ती खपून जात असे. अल्टरनेटरवर ती घातक आहे. भार एकाएकी सुटल्यामुळे दाब क्षणभर ५० ते १०० व्होल्टपर्यंत उसळू शकतो आणि टेपच काय, इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणही जळू शकते. मुलांना हे जरूर सांगावे. फिरत्या पंख्याजवळ आणि पट्ट्याजवळ हात न नेण्याबद्दल तर वेगळे सांगायला नको.

आधी स्वच्छता, मग औषध

बहुतेक वेळा उपाय पैशांचा नसून मेहनतीचा असतो. अर्थच्या जागेवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून लखलखीत धातू उघडा करावा, जाड आणि आखूड वायर घ्यावी, दात असलेला वॉशर घालून घट्ट आवळावे आणि वरून ग्रीस लावावे म्हणजे पुन्हा गंज चढत नाही. शक्य तर टेप आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचे अर्थ एकाच जागी आणावेत. दोघांचा शून्य एक झाला, की हेलकाव्याला जागाच उरत नाही. विजेची जाड वायर गाडीच्या एका बाजूने आणि संकेताची तार दुसऱ्या बाजूने न्यावी. दोन्ही एकत्र बांधल्या तर एकीतला बदलता प्रवाह दुसरीत दाब निर्माण करतो; हा फॅरेडे यांचा नियम आहे. दोन्ही तारा एकमेकींना ओलांडणारच असतील, तर त्या काटकोनात ओलांडाव्यात.

अ‍ॅम्प्लिफायरची वीज थेट बॅटरीवरून घेतली असेल, तर बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरजवळ बसवला तर तो अ‍ॅम्प्लिफायरला वाचवतो, वायरला नाही. अशी उघडी वायर पत्र्याच्या कडेला घासून कापली गेली, की शेकडो अँपियरचा प्रवाह वाहतो आणि गाडी पेट घेते. ट्रॅक्टरवर तर मागे उसाचे वाळलेले पाचट असते.

एवढे करूनही शिट्टी उरली तर फिल्टर. टेपच्या वीजतारेत एकसर जोडलेले वेटोळे बदलत्या प्रवाहाला अडवते आणि समांतर जोडलेले धारित्र, म्हणजे कपॅसिटर, उरलासुरला हेलकावा अर्थमध्ये वळवते. अल्टरनेटरला दोन-तीन मायक्रोफॅरडचे धारित्र लावण्याचीही रीत आहे. संकेताच्या वाटेतले वेटोळे तोडायचे असेल, तर लहानसा विलगक ट्रान्सफॉर्मर वापरतात. त्यातून संकेत चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने पलीकडे जातो, पण दोन शून्यांची गाठ पडत नाही.

प्लगच्या टकटकीवर उपाय आणखी मजेदार आहे: वाटेत रोध घालायचा. रोधयुक्त प्लगमध्ये सुमारे ५००० ओहमचा रोध असतो. ठिणगी पडायला दाब लागतो, मोठा प्रवाह नव्हे. रोधामुळे ठिणगी पडायची राहत नाही. फक्त प्रवाहाचा झटका बोथट होतो. झटका बोथट झाला, की रेडिओलहरी कमी झाल्या. मेकॅनिकने असा प्लग बदलून साधा बसवला, तर गाडी चालते, पण रेडिओ बोलत नाही.

शिट्टी बंद करण्याआधी तिचे ऐका

अनेक दिवस शांत असलेल्या टेपमध्ये एकाएकी गुरगुर सुरू झाली, तर फिल्टर शोधायला धावू नये. वरच्या हिशेबात १८०० हर्ट्झ आले होते, कारण सहाही उंचवटे सारखे होते. सहापैकी एक डायोड निकामी झाला, तर प्रत्येक आवर्तनात एक मोठा खड्डा पडतो. आवर्तने सेकंदाला ३००, म्हणून शिट्टीत आता ३०० हर्ट्झची जाड गुरगुर मिसळते. बॅटरी कमी भरू लागते. चारदोन दिवसांनी एखाद्या रात्री, घाटात, गाडी बंद पडते ती यामुळे. टेपने आधीच सांगितले होते, आपण ऐकले नव्हते.

याची खात्री मल्टीमीटरने करता येते. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, बॅटरीच्या दोन टोकांवर प्रत्यावर्ती दाब मोजा. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक असेल तर डायोडवर संशय घ्यावा. मात्र काही स्वस्त मीटर प्रत्यावर्ती मापावर ठेवून नुसत्या बॅटरीला लावले तरी भलताच आकडा दाखवतात. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून मोजावे. तेव्हा शून्याजवळचा आकडा आला, तरच पुढच्या मापावर विश्वास ठेवावा. मोजण्याआधी मोजणारे तपासावे, हा धडा टेपपेक्षा मोठा आहे.

टेपपुरते हे प्रकरण नाही

अमेरिकेत पॉल गॅल्व्हिन यांनी १९३० मध्ये मोटारीत बसवायचे रेडिओ विकायला सुरुवात केली. त्यांच्या रेडिओचे नाव मोटोरोला, आणि त्यांना भेडसावणारी एक मोठी अडचण म्हणजे प्लगचा गोंगाट. युरोपात घरोघर रेडिओ आल्यावर यंत्रांच्या गोंगाटाची तक्रार इतकी वाढली, की १९३३ मध्ये पॅरिसमध्ये बैठक होऊन या विषयासाठी ‘सिस्पर’ ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. वाहनांनी किती गोंगाट करावा याची मर्यादा आजही तिच्या मानकांत असते. भारतात वाहनांसाठी ‘एआयएस-००४’ हे मानक आहे.

अशा चाचण्या करणारी एक संस्था अहिल्यानगरमध्येच आहे, हे जिल्ह्यातल्या अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची ‘व्हीआरडीई’, म्हणजे वाहन संशोधन व विकास प्रयोगशाळा, आणि तेथील वाहन चाचणी केंद्र येथे वाहनांच्या विद्युतचुंबकीय गोंगाटाची मोजणी होते. पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेतही अशी सोय आहे. बाहेरची एकही रेडिओलहर आत येणार नाही अशा धातूच्या खोलीत वाहन उभे करतात. खोलीच्या भिंतींवर लहरी शोषून घेणारे शंकू बसवलेले असतात. वाहन किती लहरी बाहेर टाकते ते मोजतात. आणि उलट, वाहनावर जोरदार लहरी सोडून ते बिथरत नाही ना, हेही पाहतात. हे दुसरे काम जास्त महत्त्वाचे. आजच्या गाडीत ब्रेक, इंधन, एअरबॅग या सर्वांवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते. टेपमध्ये गोंगाट शिरला तर गाणे बिघडते. ब्रेकच्या नियंत्रकात शिरला तर माणसे मरतात. उगम, वाट आणि ग्राहक हे त्रिकूट दोन्हीकडे तेच.

उरलेला गोंगाट

पारनेर तालुक्याच्या पश्चिमेला, जिल्ह्याची हद्द ओलांडली की जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात जीएमआरटी, आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या, आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी त्या टिपतात. ही जागा निवडण्यामागे एक कारण होते: येथे मानवनिर्मित रेडिओगोंगाट कमी होता. दूरच्या दीर्घिकांचे क्षीण संकेत ऐकणाऱ्याला शेजारच्या मोटारसायकलची ठिणगी आणि विजेच्या खांबावरचा सैल सांधा किती मोठा वाटत असेल, याची कल्पना करा. येथील शास्त्रज्ञांना अशा उगमांचा सतत माग काढावा लागतो. पद्धत तीच, जी आपण ट्रॅक्टरवर वापरली.

रेडिओ-खगोलशास्त्राचा जन्मच मुळी अशा गोंगाटाच्या शोधातून झाला. १९३०च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याला काम दिले: समुद्रापलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कशाची येते ते शोधा. त्याने फिरता एरियल बांधला आणि महिनोन्महिने नोंदी ठेवल्या. जवळच्या विजांची खरखर वेगळी काढली, दूरच्या वादळांची वेगळी काढली. तरी एक मंद, सलग फुसफुस उरलीच. ती २४ तासांनी नव्हे, तर २३ तास ५६ मिनिटांनी परत येत होती. हा काळ सूर्याचा नव्हे, ताऱ्यांचा. उगम धनु राशीच्या दिशेला, आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडे होता. हे त्याने १९३३ मध्ये प्रसिद्ध केले. उरलेला गोंगाट ‘असेल काहीतरी’ म्हणून त्याने सोडून दिला असता, तर हा शोध तेव्हा लागला नसता.

वर्गात करून पाहा

एक जुना ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या जागी लावा. दीड व्होल्टच्या सेलच्या एका टोकाला जोडलेली तार लोखंडी कानशीच्या दांड्याला बांधा. दुसऱ्या टोकाच्या तारेने कानशीच्या दातांवर घासा. रेडिओत खरखर ऐकू येईल. ही हर्ट्झ यांची ठिणगी. (तार कानशीवर धरून ठेवू नका, सेल तापतो.) आता रेडिओवर स्टेशन लावून तो स्टीलच्या मोठ्या डब्यात ठेवा आणि झाकण घट्ट लावा. स्टेशन मावळते. ही झाली व्हीआरडीईच्या खोलीची छोटी बहीण. मग शाळेच्या फाटकाशी रेडिओ ठेवून जाणाऱ्या गाड्यांची नोंद करायला मुलांना सांगा: पेट्रोल कोणती, डिझेल कोणती, खरखर कोणाची जास्त?

शेवटी एक प्रश्न त्यांच्यावरच सोपवावा. विजेवर चालणाऱ्या रिक्षात स्पार्क प्लग नाही आणि अल्टरनेटरही नाही. मग तिचा रेडिओ शांत असायला हवा. तरीही काही परदेशी कंपन्यांनी आपल्या विजेवरच्या मोटारींतून एएम रेडिओच काढून टाकला. असे का झाले असेल? उगम कोणता, वाट कोणती? उत्तर सांगण्याची घाई करू नये. फाटकाशी ठेवलेला रेडिओ आणि मुलांची वही यांतूनच ते निघू द्यावे.